फुरसतीची बॅटरी

टीव्ही लागला, चित्र आलं, आवाज आला आणि आबांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या बॅटरीवर चालवूलास रे?"

स्थळ कणकुंबीच्या अलीकडे, चोर्ल्याच्या रस्त्यापासून आत, ओळखीच्या एका गृहस्थांची काजूची बाग. तारीख ८ मार्च २०२५, शनिवार. बागेत विहीर आहे, वीज नाही. मोबाईलला रेंज हवी असेल तर रस्त्यापर्यंत चालत जावं लागतं. आणि या बागेच्या मधोमध उभी असलेली एक पांढरी लांबलचक गाडी. आत पाच जणांना झोपायची सोय, ओटा, छोटा फ्रीज आणि अंग चोरून आंघोळ करावी लागेल एवढं न्हाणीघर. अशा गाडीला कुणी कॅराव्हॅन म्हणतं, कुणी मोटारहोम. आमच्या आईने तिला पहिल्याच दिवशी "बिऱ्हाड" म्हटलं आणि मग सगळे तेच म्हणू लागले.

हे बिऱ्हाड भाच्याने भाड्याने आणलं होतं. भाचा म्हणजे माझ्या चुलत बहिणीचा, आमच्या ताईचा मुलगा. बेंगळुरूला इंजिनिअर आहे. सोमवारी, १० मार्चला त्याला एकोणतीस पूर्ण होणार होती. रविवारी ९ तारखेला दुबईत चॅम्पियन्स करंडकाची फायनल होती, भारत विरुद्ध न्यूझीलंड. वाढदिवस आणि मॅच, दोन्ही जंगलात साजरं करायचं, असा त्याचा बेत. आम्ही पाच जण: आबा, आई, ताई, भाचा आणि मी. घरचा चोवीस इंची टीव्ही आणि छोटी डिश त्याने बरोबर घेतली होती. आपल्याकडच्या बहुतेक डिश आग्नेयेच्या अंगाला तोंड करून असतात, कारण त्यांचे उपग्रह विषुववृत्तावर, आपल्या पूर्वेला आहेत. त्या बाजूला झाड आलं की चित्र गेलं. काजूच्या बागेत ती फट शोधायला भाच्याला तासभर लागला.

एवढ्या खटाटोपानंतर कुणी शाबासकी देईल ही अपेक्षा. पण आबांनी बॅटरी विचारली. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाने हा प्रश्न विचारावा याचं भाच्याला कौतुक वाटलं. त्याने बाकाखालचा कप्पा उघडून दाखवला.

मी मराठी शिकवतो. अ‍ॅम्पिअर या शब्दाशी माझा संबंध दहावीला सुटला. पण भाच्याने समजावलं ते मला नीट समजलं, म्हणून इथे सांगतो. अशा गाडीत दोन वेगवेगळ्या बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची. तिचं काम फक्त सेल्फ फिरवायचं. डिझेल इंजिन फिरवायला दोन-अडीचशे अ‍ॅम्पिअरचा झटका लागतो, पण तो दोन-तीन सेकंदांपुरता. म्हणून तिच्या आत पातळ पातळ पुष्कळ प्लेटा असतात. एकदम जोर लावायचा आणि गाडी धावू लागली की लगेच भरून घ्यायचं, हा तिचा स्वभाव. ती हळूहळू तळापर्यंत रिकामी करणं तिला सोसत नाही. असं चार-सहा वेळा झालं की ती कायमची खंगते. दुसरी बॅटरी घराची. टीव्ही, पंखे, दिवे, फ्रीज तिच्यावर. ती झटका देत नाही. थोडं थोडं, पण तासन् तास देत राहते. आपल्या घरातल्या इन्व्हर्टरखाली जी जाड प्लेटांची ट्युब्युलर बॅटरी असते ती याच जातीची. तरी शिसं-आम्लाची कुठलीही बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये म्हणतात. बिऱ्हाडातली लिथियमची होती, तिला तेवढं पथ्य नाही.

इंग्लंडमध्ये या दुसऱ्या बॅटरीला 'फुरसतीची बॅटरी' अशा अर्थाचं नाव आहे. मला ते नाव फार आवडलं. एक कामाची, एक फुरसतीची. आणि दोघींची चूल वेगळी. इंजिन चालू असताना मधला चार्जर फुरसतीच्या बॅटरीला भरतो. इंजिन बंद झालं की दोघींमधली वाट बंद.

"म्हणजे टीव्ही रात्रभर चालला तरी सकाळी गाडी सुरू होणार?" आबांनी विचारलं.

"शंभर टक्के, आजोबा."

आबांनी वायरी हातात घेऊन बघितल्या. बारा व्होल्टला वायर जाड लागते, हे त्यांना माहीत होतं. घरच्या २४० व्होल्टवर २४० वॅटला एक अ‍ॅम्पिअर पुरतो, तिथे बारा व्होल्टवर वीस लागतात. बारीक वायर तापून वितळते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आहे का, हेही त्यांनी पाहिलं. मग कप्पा बंद केला. ताई ओट्याशी कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

आता २९ वर्षं मागे जायला हवं. तारीख तीच. ९ मार्च १९९६, शनिवार. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, भारत विरुद्ध पाकिस्तान, बेंगळुरू. मी दहावीला, परीक्षा तोंडावर आलेली. गाव खानापूर तालुक्यातलं, आजूबाजूला रान. वीज दुपारीच गेली.

वीज गेली म्हणून मॅच चुकवायची, असं तेव्हा कुणाच्या मनात येत नसे. बॅटरीवर टीव्ही ही आमच्याकडे जुनी विद्या. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं, ते जुलै १९८८ पर्यंत चाललं. त्या दीड वर्षात खेडोपाडी ट्रॅक्टरच्या, जीपच्या, ट्रकच्या बॅटऱ्या रविवारी सकाळी घरात आल्या. चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला मागे विजेच्या वायरीशेजारी बारा व्होल्टचं वेगळं भोक असे. त्यात पिन घालायची, दुसऱ्या टोकाचे लाल-काळे चिमटे बॅटरीला लावायचे. उलटे लावले तर टीव्ही जळायचा, म्हणून ते काम घरातल्या एकाच माणसाचं. आमच्याकडे आबांचं. ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते नुसती बॅटरी बाळगायचे आणि ती सायकलच्या कॅरिअरला बांधून तालुक्याला चार्जिंगला टाकून यायचे. रामाच्या वनवासापेक्षा त्या बॅटरीची ने-आण मोठी.

तर आबांकडे जुनी डिझेल जीप होती. भात, खत, बाजारची माणसं, सगळं तीच वाहायची. गावातली ती एकटीच गाडी. त्या दुपारी आबांनी जीपचं तोंड आमच्या खिडकीला लावलं, बॉनेट उघडलं, चिमटे लावले, वायर खिडकीतून आत घेतली. अँटेना चिंचेवर. मुंग्या होत्या, पण माणसं ओळखू येत होती. सिद्धूने ९३ केल्या. अजय जडेजाने २५ चेंडूंत ४५ ठोकल्या तेव्हा आमच्या ओसरीची फरशी हादरली असेल, कारण सगळं गाव तिथे होतं. अंधार पडला तशी कुणीतरी टूम काढली, अंगणातल्या माणसांनाही उजेड हवा. जीपचाच एक बल्ब काढून खांबाला टांगला. तोही त्याच बॅटरीवर.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आमीर सोहेलने वेंकटेश प्रसादला चौकार मारून बॅटने सीमारेषा दाखवली आणि पुढच्या चेंडूवर प्रसादने त्याचा त्रिफळा उडवला. आमच्याकडे त्या क्षणी एकाने दुसऱ्याला इतकी कडकडून मिठी मारली की दोघेही ओसरीवरून अंगणात पडले.

शेवटी शेवटी टीव्हीचं चित्र कडांनी आत यायला लागलं होतं. जुन्या टीव्हीची ती खूण. व्होल्टेज घसरलं की चित्र चारी बाजूंनी आकसतं, काळी चौकट दिसायला लागते. मियाँदाद धावबाद झाला तेव्हा तो आधीच्या मियाँदादपेक्षा बोटभर लहान झालेला होता. मागून कुणीतरी म्हणालंही, "बॅटरी उतरालीय." त्याला सगळ्यांनी गप्प केलं. त्या सगळ्यांत मी होतो. आबाही होते. भारत ३९ धावांनी जिंकला. साडेदहा वाजून गेले असतील. दोन फटाके कुणीतरी दिवाळीपासून जपून ठेवले होते, ते वाजले.

पावणेबाराच्या सुमारास काकू धावत आली. ताई माहेरी बाळंतपणाला आलेली होती, दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. सुईणीने बघितलं आणि इथे नको, खानापूरला न्या म्हणाली. रक्त जात होतं. आबांनी बॉनेट लावलं, ताईला मागे गादीवर झोपवलं, चावी फिरवली.

टक्.

पुन्हा टक्. तिसऱ्यांदा तेवढाही आवाज आला नाही.

हे मला तेव्हा अजिबात समजलं नव्हतं. टीव्ही तर शेवटच्या चेंडूपर्यंत चालला होता! पण तीच तर यातली मेख आहे. टीव्हीला लागतात दीड-दोन अ‍ॅम्पिअर, आणि सेल्फला दोनशे. ज्या बॅटरीत गाडी सुरू करण्याएवढा जीव उरलेला नाही, तिच्यावर टीव्ही खुशाल अजून तासभर चालतो. तो काही बोलत नाही. पुढे मी हिशेब केला. टीव्हीचे आठ तास, बल्बचे चार तास, मिळून पंचवीसेक अ‍ॅम्पिअर-तास. बॅटरी होती ७५ ची. म्हणजे कागदावर दोन तृतीयांश शिल्लक! पण ती चार वर्षांची जुनी, आधीच्या मॅचेसना अशीच पिळलेली, आणि त्या आठवड्यात जीप गावाबाहेर धड गेली नव्हती. ७५ हा आकडा नव्या बॅटरीवर छापलेला असतो, जुनीच्या पोटात तो नसतो.

मॅच बघून गेलेली माणसं परत आली. अंगणापासून मारुतीच्या देवळापर्यंत चढ आहे, उतार त्याच्या पुढे. ताई आत, काकू तिच्या उशाशी आणि पंधरा-वीस जण जीपला खांदा लावून. तो चढ चढायला किती वेळ लागला कोण जाणे. आबा म्हणतात पाऊण तास, मला दोन तास वाटले. उतारावर आबांनी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, जीपने दोन गचके दिले आणि लागली.

पहाटे चारला मुलगा झाला. मुलगा ठणठणीत. ताईला तिथून बेळगावला हलवावं लागलं, रक्ताच्या बाटल्या लावल्या, त्यातली एक आबांची. अकरा दिवस ती तिथे होती. अर्धा-पाऊण तास आधी आणायला हवं होतं, एवढं एक वाक्य डॉक्टर सहज बोलून गेले. आबा तिथेच उभे होते. ताईला पुढे मूल झालं नाही. त्याचं कारण तेच होतं असं कुणी सांगितलं नाही, आणि आबांनी कधी विचारलं नाही.

१३ तारखेला ईडन गार्डन्सवर श्रीलंकेशी उपांत्य सामना होता. आमच्याकडे त्या दिवशी वीज होती, तरीही टीव्ही लागला नाही. प्रेक्षकांच्या गोंधळामुळे सामना थांबवून श्रीलंकेला बहाल केला, ही बातमी आम्ही दुसऱ्या दिवशी पेपरात वाचली. चिमट्यांची ती वायर मला नंतर कुठे दिसली नाही.

भाच्याला यातली निम्मीच गोष्ट ठाऊक होती. मॅचच्या रात्री जन्मलेला, गावाने ढकलत नेलेला पोरगा, म्हणून त्याची लहानपणापासून थट्टा होते. बॅटरी का उतरली, हे त्या थट्टेत कधी येत नसे.

बिऱ्हाडाकडे परत येऊ. रविवारी सकाळी आबा म्हणाले, गाडी उन्हात घे. टपावर २०० वॅटचं सोलर पॅनेल होतं. मार्चच्या उघड्या उन्हात ते दिवसाला ७००-८०० वॅट-तास देतं; म्हणजे चोवीस इंची टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि इन्व्हर्टरची गळती धरूनही पंधरा-सोळा तासांची सोय. पण झाडाखाली पाव भागही मिळत नाही. नुसती एक फांदी पॅनेलवर आडवी आली तरी फांदीच्या रुंदीच्या मानाने कितीतरी जास्त वीज बुडते. आबांचं म्हणणं रास्त होतं. पण आई म्हणाली, "उन्हात पत्र्याच्या डब्यात भाजून मारतोस काय आम्हाला?" आणि गाडी सावलीतच राहिली. एसी होता, पण तो या बॅटरीवर तासाभराच्या वर टिकला नसता. तो बाहेरची वीज मिळेल तिथेच लावा, असं भाड्याने देणाऱ्यांनी बजावलं होतं.

माझ्या मते या गाड्यांचं सगळं शास्त्र या एका भांडणात आहे. माणसाला सावली हवी, पॅनेलला ऊन.

बॅटरी १०० अ‍ॅम्पिअर-तासांची, म्हणजे साधारण १२८० वॅट-तासांची. आम्हाला वाटत होतं टीव्ही ती खाणार. खाल्ली फ्रीजने. तो बिचारा आवाज न करता रात्रंदिवस घेत होता. पंखे रात्रभर. वर पाच फोन. मॅच अडीचला सुरू झाली तेव्हाच बॅटरी निम्म्यावर होती आणि कुणी आकड्याकडे बघितलं नव्हतं. आबांनी बघितला असावा, पण बोलले नाहीत.

न्यूझीलंडने २५१ केल्या. रोहित शर्मा ७६ वर बाद झाला, मग आपले फलंदाज नेहमीप्रमाणे जिवाला घोर लावू लागले. पन्नासेक धावा हव्या होत्या, आणि टीव्ही बंद पडला. पंखाही. दहा टक्क्यांवर आपोआप बंद व्हावी, अशी सोय गाडीवाल्यांनी करून ठेवली होती.

बागेत किर्र अंधार. रातकिडे. दुबईत काय चाललंय कळायला रस्त्यापर्यंत दहा मिनिटं चालत जायचं.

भाचा टॉर्च घेऊन उठला. "एक मिनिट. इथे बटण आहे. दोन्ही बॅटऱ्या जोडता येतात." अशा गाडीत ही सोय असते, पण ती उलट्या कामासाठी: इंजिनाची बॅटरी उतरली तर घरच्या बॅटरीवर गाडी सुरू करायला. त्याने बोट बटणाकडे नेलं.

"नाही," आबा म्हणाले.

"आजोबा, इंजिनाची बॅटरी नवी आहे. पाऊण तासाचा प्रश्न. तीन अ‍ॅम्पिअर-तासही जाणार नाहीत."

"नको म्हटलं ना."

गणित भाच्याचं बरोबर होतं. माझंही मत तेच होतं, पण मी काही बोललो नाही. आबांचा हात त्या बटणावर होता. टॉर्चच्या उजेडात तो थरथरताना दिसत होता आणि भाचा माझ्याकडे, मग त्याच्या आईकडे बघत होता. ताई म्हणाली, "ते सांगतात तसं कर. उद्या सांगते तुला का ते."

मग आबाच म्हणाले, "आधी इंजिन लावून दाखव. मग काय करायचं ते कर."

जंगलात इंजिन लावायचं नाही, हा भाच्याचा स्वतःचा नियम होता. रात्रीची शांतता, डिझेलचा धूर वगैरे. त्याने तो मोडला. इंजिन पहिल्या सेल्फला लागलं. आणि लागल्यावर बटणाची गरजच उरली नाही, कारण चालत्या इंजिनावर मधला चार्जर आपोआप घरची बॅटरी भरायला लागतो, तो टीव्हीला लागते त्याच्या कितीतरी पट देतो. हे इंजिनिअरला आधी सुचायला हवं होतं, असं मी त्याला नंतर ऐकवलं. धुराच्या नळकांड्याकडची खिडकी आईने लावून घेतली. चित्र आलं. आबा मात्र बाहेर, ड्रायव्हरच्या दाराशी उभे राहिले. इंजिनाचा आवाज ऐकत होते की मॅच, सांगता येणार नाही.

विजयी चौकार जडेजाने मारला. तेव्हाचा अजय, आताचा रवींद्र. आई म्हणाली, जडेजा असला की आपलं काही बिघडत नाही. तिला दोघे एकच वाटतात, आणि आम्ही कुणी दुरुस्त केलं नाही.

टीव्ही बंद केला. इंजिन बंद केलं. अंथरुणं घातली. बारा वाजायला आले, भाच्याचा वाढदिवस लागायला थोडी मिनिटं राहिली, तेव्हा आबा पुन्हा उठून बसले.

"सेल्फ मार बघू एकदा."

"आजोबा, आत्ताच तर बंद केलं."

अंधारातून ताईचा आवाज आला. "काका, आता मला कुठं जायचं नाही हो. झोपा."

"असू दे," आबा म्हणाले. "मार रे एकदा."

भाचा पुढे गेला. चावी फिरवल्याचा आवाज आला, आणि इंजिन लागलं.